मापात पाप नसले म्हणजे झाले का?



आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबे आज छोट्या-मोठ्या धंद्यावर उभी आहेत. कोणाची बेकरी आहे, कोणाचा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय आहे, कोणी लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतात, तर कोणी अजूनही पहाटेच्या लोकलने फुले आणि भाजी मुंबईच्या बाजारात नेतात. गेल्या काही वर्षांत घरच्या घरी केक, मसाले, लोणची आणि नाताळचे गोडधोड करून विकणाऱ्या भगिनींची त्यात भर पडली आहे. ही सर्व कौतुकाची गोष्ट आहे. नवीन धंदा सुरू करणाऱ्यांसाठी जी शिबिरे भरतात तेथे एक सल्ला हमखास दिला जातो : ग्राहकाचा विश्वास संपादन करा, आपल्या नावाचा 'ब्रँड' तयार करा, मग धंदा आपोआप वाढेल.

सल्ला चांगला आहे. पण त्याच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो शिबिरात सहसा कोणी विचारीत नाही. धंदा वाढावा म्हणून मी प्रामाणिक राहिलो, तर तो प्रामाणिकपणा म्हणायचा की जाहिरातीचाच एक प्रकार? आणि उद्या त्याच प्रामाणिकपणामुळे धंदा वाढण्याऐवजी घटू लागला, तर मी कोणती बाजू धरणार? आजच्या लेखात या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करू या.

पत आणि छाप

'ब्रँड' या इंग्रजी शब्दाचे मूळ जाळण्याशी, डागण्याशी आहे. गुरे कोणाच्या मालकीची आहेत हे कळावे म्हणून तापलेल्या लोखंडाने त्यांच्या अंगावर खूण उमटवीत. पुढे पिंपांवर आणि खोक्यांवरही तशी खूण करू लागले. म्हणजे ब्रँड ही मालकाने मालावर उमटवलेली छाप आहे. आपल्या मराठीत त्यासाठी जुना शब्द आहे तो 'पत'. गंमत अशी की पत आपल्याला स्वतःच्या हाताने स्वतःवर उमटवता येत नाही. ती लोकांच्या मनात असते. चार माणसे आपल्याविषयी जे बोलतात, तेही आपल्या पाठीमागे, त्यातून ती तयार होते. रंगीत पाकीट, छानसे नाव, व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो यांनी छाप पाडता येते. पत मात्र वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून हळूहळू साठते आणि एका दिवसात जाऊ शकते.

आपल्याच भाषेत 'एखाद्याचे गिऱ्हाईक करणे' असाही वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ त्या माणसाची टर उडवणे, त्याला बकरा बनवणे. भाषा अनुभवातून घडते. गिऱ्हाईक म्हणजे फसवून घेण्यासाठीच आलेला माणूस, असा अनुभव आपल्या पूर्वजांना पुष्कळदा आला असावा!

दुकानात पाठवलेले लेकरू

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये 'क्वेकर' नावाचा एक ख्रिस्ती पंथ उदयास आला. त्या काळी दुकानात घासाघीस ही रीतच होती. दुकानदार दहा सांगायचा, गिऱ्हाईक पाच म्हणायचे आणि सातावर सौदा व्हायचा. क्वेकर दुकानदारांना यात खोटेपणा दिसला. सात रुपयांना द्यायची वस्तू दहाची आहे असे सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे काय? होय ते होय आणि नाही ते नाही, ही प्रभू येशूची शिकवण त्यांनी दुकानाच्या फळीवरही लागू केली. एकच भाव सांगायचा आणि सर्वांना त्याच भावाने माल द्यायचा, असे त्यांनी ठरवले.

परिणाम काय झाला? या पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी आपल्या रोजनिशीत ते नमूद करून ठेवले आहे. हे लोक जगाच्या रीतीप्रमाणे वागत-बोलत नाहीत हे पाहून सुरुवातीला गिऱ्हाइके दूर गेली, धंदा बसला. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आले की ही माणसे फसवीत नाहीत. यांच्या दुकानात लहान मूल पाठवले तरी, आपण स्वतः गेल्यावर जसा माल मिळेल तसाच मुलालाही मिळतो. तेव्हा गर्दी त्यांच्याकडे वळली.

यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, १७८५ साली, इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने नीतिशास्त्रावरील आपल्या एका छोट्या ग्रंथात जवळजवळ हेच उदाहरण घेतले. एक दुकानदार आहे. तो अजाण गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे घेत नाही. लहान मूल आले तरी भाव तोच. लोकांना प्रामाणिक सेवा मिळते. इथवर सर्व छान आहे. पण कांट विचारतो : तो असे का वागतो? तसे वागणे हे त्याचे कर्तव्य आहे म्हणून, की वस्तीत चार दुकाने आहेत आणि नाव खराब झाले तर आपलेच नुकसान होईल म्हणून? बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही दुकानदार सारखेच दिसतात. दोघांचा काटा बरोबर असतो, दोघे सुटे पैसे नीट परत देतात.

कांट त्या दुसऱ्या दुकानदाराला चोर म्हणत नाही, हे लक्षात घ्या. तो एवढेच म्हणतो की या प्रामाणिकपणाला अजून नैतिक मोल आले आहे असे आपण म्हणू शकत नाही. मला वाटते, हे जास्त कठोर वाटले तरी त्यात एक व्यवहारी शहाणपण आहे. ज्या सचोटीला फायद्याचा टेकू आहे, ती टेकू असेपर्यंतच उभी राहील. फरक कळतो तो टेकू निघतो तेव्हा.

एका दुकानाची गोष्ट

आपल्याकडे लहान मुले कुठल्याही चॉकलेटला 'कॅडबरी' म्हणतात. हे नाव मुळात एका छोट्या दुकानाचे. जॉन कॅडबरी या क्वेकर गृहस्थाने १८२४ साली बर्मिंगहॅम शहरात चहा, कॉफी आणि पिण्याचा कोको विकायला सुरुवात केली. लोकांनी दारूऐवजी ही पेये घ्यावीत असाही त्याचा हेतू होता. १८६१ साली रिचर्ड आणि जॉर्ज या त्याच्या मुलांनी धंदा हाती घेतला तेव्हा तो मोडकळीला आला होता. आईकडून मिळालेले पैसे त्यांनी त्यात घातले आणि मोजक्या कामगारांना घेऊन दिवसरात्र कष्ट केले.

त्या काळी कोकोत भेसळ सर्रास चालत असे. बटाट्याचे पीठ, साबुदाण्याचे पीठ, काकवी असे काहीबाही त्यात मिसळत. कॅडबरींचा मालही याला अपवाद नव्हता. त्यात खरा कोको जेमतेम पाचवा हिस्सा असे, हे पुढे जॉर्ज कॅडबरी यांनी स्वतःच सांगितले. या भावांनी हॉलंडहून कोकोतील चरबी काढण्याचे यंत्र आणले आणि १८६६ साली बिनभेसळीचा कोको बाजारात आणला. आमचा कोको निव्वळ शुद्ध आहे, अशी जाहिरात त्यांनी केली. इतर उत्पादक चिडले, कारण त्यांच्या डब्यात काय आहे हा प्रश्न त्यामुळे लोकांच्या ओठांवर आला. कॅडबरींचा धंदा सावरला, वाढला, आणि १८७९ साली त्यांनी शहराबाहेर बॉर्नव्हिल येथे मोकळ्या हवेत नवा कारखाना उभारला. कामगारांच्या सोयींसाठी तो नावाजला गेला. सचोटीने धंदा वाढतो याचे याहून चांगले उदाहरण शिबिरात कोणते द्यावे!

पण गोष्ट इथे संपत नाही. १९०१ साली कंपनीच्या कानावर आले की आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील साओ टोमे या पोर्तुगीज बेटावर, जेथून त्यांचा पुष्कळसा कोको येत असे, मजुरांना गुलामांसारखे राबवले जाते. कागदोपत्री गुलामगिरी संपलेली होती. प्रत्यक्षात अंगोलातून माणसे 'करारावर' आणली जात आणि ती घरी परत जातच नसत. मळ्याच्या विक्रीच्या कागदात मजूरही मालमत्तेसारखे मोजलेले कंपनीच्या लोकांनी पाहिले. कॅडबरींनी हात झटकले नाहीत. त्यांनी पोर्तुगालशी बोलणी केली, १९०५ साली चौकशीसाठी माणूस पाठवला. आपण खरेदीदार राहिलो तरच आपल्या शब्दाला वजन राहील, अशी त्यांची भूमिका होती आणि ब्रिटिश सरकारही त्यांना धीर धरायला सांगत होते. मात्र या सर्व काळात खरेदी चालूच राहिली. ती थांबली मार्च १९०९ मध्ये.

त्याआधी, १९०८ साली, 'स्टँडर्ड' या वृत्तपत्राने त्यांच्यावर ढोंगीपणाचा आरोप केला होता. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९०९ च्या अखेरीस निकाल त्यांच्या बाजूने लागला. नुकसानभरपाई म्हणून ज्यूरीने त्यांना किती रक्कम द्यावी? एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. त्या काळचे इंग्लंडमधील सर्वांत लहान नाणे.

बंधुभगिनींनो, ही चांगली माणसे होती, म्हणूनच त्यांची गोष्ट आपल्या कामाची आहे. डब्यावर लिहिलेले खरे होते. गिऱ्हाइकाला मिळणारा कोको शुद्धच होता. ज्याच्यावर अन्याय झाला तो अंगोलाचा मजूर कधीच त्यांच्या दुकानात येणार नव्हता. ग्राहकाच्या विश्वासाला एक मर्यादा असते : त्याला जे दिसते, जे तो विचारू शकतो, तेवढ्यापुरताच तो असतो. आपली जबाबदारी मात्र तिथे थांबत नाही.

'घरगुती' या शब्दाची किंमत

आता आपल्या अंगणात येऊ. समजा, एक भगिनी बाटली मसाला करून विकते. मिरची स्वतः निवडते, वाळवते, भाजते, कुटून घेते. पाकिटावर लिहिते 'घरगुती मसाला'. चव लोकांना आवडते, मागणी वाढते, परगावाहून आणि परदेशातूनही ऑर्डरी येतात. दोन हातांना काम आवरेनासे होते. तेव्हा कोणीतरी सुचवते की बाजारातून तयार मसाला घाऊक आणून अर्धा-अर्धा मिसळावा. तो मसाला चांगलाच आहे, कोणाची तब्येत बिघडणार नाही, वजन पूर्ण आहे, भावही तोच आहे. कोणाला फरक कळणारसुद्धा नाही. मग यात पाप कुठे आहे?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. मालातला दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे का, असा प्रश्न ते घेतात. त्यांचे उत्तर मोठे व्यवहारी आहे. दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोड्याला एकच डोळा असेल, आणि भाव त्या मानाने कमी लावला असेल, तर ओरडून सांगण्याची गरज नाही. घेणाऱ्याला डोळे आहेत. पण दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर तो सांगणे विकणाऱ्याला बंधनकारक आहे. नालासोपाऱ्यात २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीस न्यायालयाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या, ते आपण जवळून पाहिले. त्या घरांच्या भिंती, खिडक्या, नळ घेणाऱ्यांना दिसत होते. कागदातला दोष दिसत नव्हता, आणि ज्यांना तो ठाऊक होता ते बोलले नाहीत. न बोललेल्या शब्दाने शेकडो संसार रस्त्यावर आले.

मसाल्याचा प्रसंग त्यामानाने फार लहान आहे. पण तत्त्व तेच आहे. गिऱ्हाईक त्या पाकिटातून नुसता मसाला घेत नाही, 'घरगुती' या शब्दावर भरवसा ठेवून त्याचे पैसे मोजते. तो शब्द खोटा झाला तर मापात पाप नसूनही व्यवहारात पाप शिरते. यातून वाट नाही असे नाही. ऑर्डरी कमी घेता येतील. शेजारच्या दोन बायकांना रोजगार देता येईल. किंवा पाकिटावरचा शब्द बदलता येईल. तिन्हीत थोडा थोडा तोटा आहे. आणि टेकू निघणे म्हणतात ते हेच.

अक्वायनस आणखी एक उदाहरण देतात, ते त्यांच्याही आधी रोमन विचारवंत सिसेरो याने चर्चिले होते. दुष्काळी गावात एक व्यापारी धान्याचा पहिला साठा घेऊन पोचतो. मागून आणखी व्यापारी येत आहेत हे त्याला एकट्यालाच ठाऊक आहे. ते त्याने गावकऱ्यांना सांगावे का? सिसेरोचे म्हणणे, सांगावे. अक्वायनस म्हणतात, चालू भावाने विकले तर तो अन्याय ठरत नाही. पण त्याने सांगितले किंवा भाव कमी केला तर ते अधिक सद्गुणाचे होईल. दोघांतला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. व्यापाऱ्याने नफा घेऊच नये असे अक्वायनस म्हणत नाहीत. दुकानदारालाही मुलांची फी भरायची असते. न्याय ही व्यवहाराची पायरी आहे, तिच्या खाली उतरायचे नाही. तिच्यावर किती चढायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे.

पिशवीतली दोन वजने

बायबलमध्ये व्यापाराविषयी जे नियम आहेत त्यात एक चमत्कारिक वाटणारा नियम आहे. पिशवीत दोन प्रकारची वजने, एक मोठे आणि एक लहान, ठेवू नका असे अनुवादाच्या पुस्तकात बजावले आहे. दोन वजने कशाला? घेताना मोठे, देताना लहान! आपल्या शेतकरी बांधवांना हे समजावून सांगायला नको. बाजारात आपल्या मालाच्या वजनातून जेव्हा 'कडता' कापला जात असे तेव्हा तो कोणाच्या खिशात जात होता, हे त्यांना चांगले ठाऊक आहे. आमोस संदेष्ट्यानेही माप लहान करणाऱ्या आणि धान्याबरोबर कोंडाही विकणाऱ्या व्यापाऱ्यांना फटकारले आहे.

आज काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. तो काटा तपासतो, मन तपासत नाही. दोन वजने आजही आपल्याजवळ असू शकतात. केटरिंगवाल्याकडे पाहुण्यांसाठी एक वजन आणि रात्री दोन वाजेपर्यंत भांडी घासणाऱ्या मुलांसाठी दुसरे. त्यांची मजुरी वेळेवर मिळते का, ती जेवली का, झोपली कुठे, हे मंडपातल्या कोणत्याही पाहुण्याला दिसत नाही. आपले साओ टोमे अशा मंडपाच्या मागच्या बाजूला असू शकते.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपल्याकडे किती वजने आहेत? मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण, भाजीवाल्या मावशीकडे मात्र पाच रुपयांसाठी दहा मिनिटे घालतो आणि वर कोथिंबीर फुकट मागतो. लग्न थाटात होते. मंडपवाल्याची आणि बँडवाल्याची बाकी चार-चार महिने राहते. 'आपलाच माणूस आहे' म्हणून त्याने थांबायचे. विश्वास दुकानदाराने कमवायचा आणि आपण तो खर्च करायचा, असा हा हिशेब आहे. अशाने छोटा धंदा बुडतो आणि मग आपणच म्हणतो की आपली माणसे धंद्यात टिकत नाहीत.

तोटा झाला तर?

कोणी म्हणेल, "फादर, तुमचे सर्व खरे, पण समोरचा भेसळ करून स्वस्तात विकतो, पोरांना कमी पैसे देतो. मी नीट वागलो तर माझे दर वाढतील आणि गिऱ्हाईक रस्ता ओलांडून त्याच्याकडे जाईल." हा आक्षेप खरा आहे. सचोटीने नेहमी भरभराटच होते असे मी सांगणार नाही, कारण ते खरे नाही. क्वेकरांची गिऱ्हाइके परत आली. सर्वांची येतातच असे नाही. नेकीने वागून दुकान बंद करावे लागलेली माणसे तुम्हा-आम्हाला माहीत आहेत. सचोटीचा फायदा मिळाला तर तो आनंदाने घ्यावा. पण तिच्यासाठी फायद्याचे आश्वासन मागणे म्हणजे कांटच्या त्या दुकानदाराकडे परत जाणे होय.

मग सचोटीने का वागायचे? कारण फळीच्या पलीकडे उभा असलेला माणूस हा माझ्या नफ्याचे साधन होण्याआधी माणूस आहे. त्याने माझ्यावर विश्वास टाकला त्या क्षणी त्याने स्वतःचा थोडासा भाग माझ्या हाती दिला. ज्याला भाव कळत नाही ते लेकरू, ज्याला वाचता येत नाही ती आजी, पुन्हा कधीच न येणारा वाटसरू, आणि मागे काम करणारा तो मुलगा : यांच्याकडून मला पुढे काहीच मिळायचे नाही. म्हणूनच मी खरा कोण आहे हे त्यांच्याशी वागतानाच मला कळते.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझ्या मालाविषयी असे काय आहे जे गिऱ्हाइकाला कळले तर ते घेणार नाही? माझ्या नफ्यात अशा कोणाचा वाटा आहे का, ज्याला तो मिळालेला नाही? आणि गिऱ्हाईक म्हणून मी कोणाचे पैसे अडवून ठेवले आहेत? पहिल्या दोन प्रश्नांना थोडा वेळ लागेल. तिसऱ्याचे उत्तर बहुधा आपल्याला आत्ताच ठाऊक आहे आणि ते आजच संध्याकाळी चुकते करता येईल.

आपला,
प्रमुख धर्मगुरू